जुनी स्पोर्ट्स कार घेऊन लांबच्या प्रवासाला निघताना

प्रवासाची तारीख ठरली की त्यातून तीन महिने वजा करा आणि त्या दिवशी गाडी जॅकवर घ्या. राहण्याची सोय, मार्ग, बॅगा हे सगळं नंतर. तीन महिने एवढ्यासाठी, की जुन्या गाडीचे सुटे भाग मागवावे लागतात, आलेला भाग कधी बसत नाही म्हणून परत पाठवावा लागतो, आणि सगळं बसल्यावरही गाडी निदान हजार किलोमीटर चालवून बघावी लागते.

मी लिहिते आहे ते साधारण १९६० ते १९९० च्या दरम्यानच्या गाड्यांबद्दल: एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर, अल्फा रोमिओ स्पायडर, डॅटसन २४०झेड, हवेवर थंड होणारी पोर्शे ९११, पहिल्या पिढीची मज्दा एमएक्स-५. लांब जायचं म्हटलं की सगळ्यांना धास्ती वाटते ती इंजिनाची. पण नीट सांभाळलेलं इंजिन सहसा दगा देत नाही. गाडी रस्त्यात उभी राहते ती रबर, वायर आणि पेट्रोलच्या वाटेवरच्या बारीकसारीक भागांपायी. लोखंड किलोमीटरने झिजतं, रबर वर्षांनी म्हातारं होतं. म्हणून ‘गाडी फार चाललेलीच नाही’ हे ऐकून हुरळून जाऊ नका. दहा वर्षं आच्छादनाखाली उभ्या असलेल्या गाडीची तयारी रोज फिरणाऱ्या गाडीपेक्षा जास्त करावी लागते.

आधी रबर

सुरुवात टायरपासून. नक्षी किती उरली आहे हे सगळेच बघतात, टायरचं वय फार थोडे बघतात. टायरच्या कडेवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. त्याच्या शेवटी २३१६ असेल तर तो टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. शेवटी तीनच आकडे असतील तर तो २००० सालाच्या आधीचा, नक्षी कितीही कोरी दिसली तरी. पूर्ण क्रमांक कधीकधी आतल्या बाजूला असतो, म्हणून गाडी वर उचललेली असतानाच बघून घ्या. सात वर्षांपेक्षा जुने टायर मी लांबच्या प्रवासाला वापरत नाही. स्टेपनीची तारीखही तितक्याच काळजीने बघा. बाकीचे चार टायर बदलताना तिचा अनेकदा विसर पडतो.

तारांची चाकं असतील तर प्रत्येक तार बोटाने वाजवून बघा. घट्ट तार टणटणीत वाजते, सैल तार बद्द आवाज करते. चाक काढून परत बसवलं की पहिल्या ५० किलोमीटरनंतर त्याचा मधला मोठा नट पुन्हा एकदा तपासायचाच.

मग टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ राखणारा रबरी पट्टा. काही इंजिनांत त्याच्या जागी साखळी असते, त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याची लेखी नोंद नसेल, तर तो बदललेलाच नाही असं समजा. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये बेल्ट तुटला तर गाडी बंद पडते, नवा बेल्ट घातला की पुन्हा चालते. पोर्शे ९४४ मध्ये मात्र व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. आपल्या इंजिनाची जात यातली कुठली ते माहीत करून घ्या.

रेडिएटरचे पाइप थंड इंजिनावर टोकाजवळ दाबून बघा. आतून करकर जाणवली किंवा पाइप भिजल्यासारखा मऊ लागला तर बदला. हीटरचे बारीक पाइपही सोडू नका, कारण सगळं पाणी बाहेर जायला तेवढी एक भेग पुरते.

ब्रेकचा रबरी पाइप

हा विषय थोडा सविस्तर घेते, कारण इथे डोळ्यांना काहीच दिसत नाही.

गेल्या मोठ्या प्रवासाच्या आधी चाचणीसाठी निघालो होतो. शेजारी धाकटा भाऊ. घाट उतरून सपाटीला लागलो तसा तो म्हणाला, “ताई, काहीतरी जळतंय.” गाडी बाजूला घेतली. उजव्या पुढच्या चाकाची रिम कोमट होती. डाव्या चाकापासून चार बोटं अंतरावर तळहात धरला तरी धग लागत होती. जॅक लावला तर चाक हाताने जेमतेम फिरत होतं. कॅलिपरच्या, म्हणजे पिस्टनने ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या, हवा काढायच्या निपलला पाना लावून पाव फेरा दिला, तर तपकिरी ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सैल झालं. पिस्टन अडकला असता तर निपल उघडूनही चाक तसंच जाम राहिलं असतं. म्हणजे दाब आत कोंडला होता: पाय दाबला की ऑइल पुढे जात होतं, पाय उचलला तरी परत येत नव्हतं. पाइप बाहेरून काळा, स्वच्छ, एक चीर नाही. घरी आल्यावर मी तो ब्लेडने उभा कापला. आतलं रबर फुगून मधलं भोक सुईएवढं उरलं होतं.

त्यामुळे सगळे रबरी ब्रेक पाइप एकाच वेळी बदला, एखादाच नको. त्याबरोबर ब्रेक ऑइलही पूर्ण बदला. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. ताज्या डॉट ४ या दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरलं की तोच १५५ अंशांपर्यंत येऊ शकतो. लांब उतारावर ब्रेक तापले की ते पाणी उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल जमिनीला टेकतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं हा यावरचा साधा इलाज. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल आहे, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये कधीही मिसळायचं नाही. डॉट ५.१ चं नाव सारखं असलं तरी ते वेगळं आहे, ते डॉट ४ च्या घराण्यातलं.

पेडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलेंडर तपासायला गाडी उभी असताना पेडल मिनिटभर एकसारखं दाबून धरा. पाय हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर आतलं वायसर गेलं आहे. आणि कितीही चांगले ब्रेक असले तरी ज्या गिअरमध्ये चढ चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

पाणी आणि उष्णता

जुनी स्पोर्ट्स कार म्हणजे लहानशा पेटीत कोंबलेलं मोठं इंजिन. धावताना हवा मिळते तोवर ठीक, गर्दीत अडकली की काटा वर सरकतो. कूलंट आणि शुद्ध केलेलं पाणी निम्मं निम्मं भरा. हे मिश्रण १५ पीएसआयच्या दाबात साधारण १२९ अंशांना उकळतं. तो दाब धरून ठेवते रेडिएटरची कॅप. म्हणजे कॅपचं वायसर चिरलं की वीसेक अंशांची राखीव ताकद गेली. कॅप स्वस्त असते, नवी घ्या; पण आपल्या गाडीला किती दाबाची लागते ते पुस्तिकेत बघूनच, कारण जुन्या रेडिएटरला जास्त दाब दिला तर तो जोडावर फुटतो.

रेडिएटर बाहेरून स्वच्छ दिसला म्हणून समाधान मानू नका. इंजिन गरम झाल्यावर त्याच्या जाळीवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवा. मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या गाळाने बुजल्या आहेत. हा थर्मामीटर जवळ ठेवाच. थांब्यावर चारही चाकांचं तापमान त्याने अर्ध्या मिनिटात कळतं.

पोर्शे ९११ वाल्यांना पाण्याची काळजी नाही, त्यांचं सगळं ऑइलवर. तिथे ऑइलची पातळी बघायची ती इंजिन पूर्ण गरम, चालू आणि गाडी सपाटीवर असताना. थंड इंजिनावर बघून भर घालत गेलात तर ऑइल जास्त होतं.

पेट्रोल

पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलल्याशिवाय लांब जाऊ नका. ही गोष्ट मी आग्रहाने सांगते, कारण बाकीच्या बिघाडांत गाडी उभी राहते, यात ती पेटते. अनेक देशांत पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि जुन्या काळच्या रबराला ते सोसत नाही. नळी आधी मऊ पडते, मग तडकते, आणि बऱ्याच गाड्यांत तिच्याखाली गरम एक्झॉस्ट असतो. नळीवर ‘एसएई जे३० आर९’ असा छाप बघून घ्या, बसवलेली तारीख पांढऱ्या मार्करने नळीवरच लिहा. आग विझवायचं नळकांडं हात पोचेल असं सीटजवळ पट्ट्याने बांधा. डिकीत बॅगांखाली ठेवलेलं नळकांडं असून नसल्यासारखं.

जुनी इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर वाढलेली; व्हॉल्व्ह ज्यावर टेकतात त्या कडांना, म्हणजे सीटना, ते शिसं झिजेपासून वाचवायचं. ते पेट्रोल जगात सर्वात शेवटी २०२१ मध्ये अल्जीरियात बंद झालं. हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवलेल्या नसतील तर दीर्घकाळ भरधाव चालवल्यावर सीट झिजतात आणि टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांतली फट) कमी होत जातं. निघण्यापूर्वी ते अंतर मोजून लिहून ठेवा, परतल्यावर पुन्हा मोजा.

उन्हात थांबून पुन्हा निघताना गाडी घरघरते पण सुरू होत नाही, असं झालं तर बहुधा नळीत पेट्रोलची वाफ धरलेली असते. इंजिन बंद केल्यावर पहिली काही मिनिटं बॉनेटखालची उष्णता कमी न होता वाढते, कारण पंखाही थांबलेला असतो. थांब्यावर बॉनेट उघडून ठेवायची सवय लावा. वाफ धरलीच तर गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला ओलं फडकं गुंडाळून पंधरा मिनिटं बसा.

वीज

बंद गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. अल्टरनेटर असलेलं इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४. अल्टरनेटरच्या जागी डायनॅमो असेल तर कमी फेऱ्यांवर तो जवळजवळ काहीच चार्ज करत नाही. रात्री दिवे लावून गर्दीत तासभर सरकत राहिलात तर बॅटरी उतरणार. अशा गाडीने दिवसाउजेडी मुक्काम गाठावा.

‘वायरिंग खराब आहे’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं निम्मं दुखणं अर्थिंगचं असतं. बॅटरीचं अर्थ टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांना मल्टीमीटर लावून स्टार्टर मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी काढून टोकं पॉलिश पेपरने चकचकीत करा. साठीच्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत, १९६७ पर्यंतच्या एमजीबीतसुद्धा, बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. अशा गाडीला दुसऱ्या गाडीवरून करंट देताना किंवा मोबाइलचा चार्जर बसवताना हे विसरलात तर मोठं नुकसान होतं. तसा कागद बॉनेटच्या आत चिकटवून ठेवा, कारण मदतीला येणाऱ्याला ते माहीत नसतं.

पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी टोकं; त्यांचं अंतर गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे, एमजीबीला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर उत्तम, पण काढलेली पॉइंटची प्लेट पिशवीत असू द्या. पॉइंटला जोडलेला छोटा कंडेन्सर सुटा म्हणून कोरा करकरीत ठेवू नका. नवा बसवून शंभर किलोमीटर चालवा, चालतोय अशी खात्री झाली की काढून सुटा म्हणून ठेवा.

चाचणीचे तीन प्रवास

पहिला ५० किलोमीटरचा, घराभोवतीच. दुसरा २०० किलोमीटरचा, त्यात चढउतार हवेत. तिसरा दोन दिवसांचा: पूर्ण सामान, सोबतचा माणूस, एक मुक्काम, आणि सकाळी थंड इंजिनावर पुन्हा सुरुवात. बिघाड बऱ्याचदा या तिसऱ्या प्रवासातच बाहेर येतात. सामानाच्या वजनाने मागची बाजू खाली बसते आणि एक्झॉस्ट घासतो, टायर फेंडरच्या आतल्या कडेला लागतो, हेडलाइट आकाशाकडे बघायला लागतात.

आणि एक नियम मी कधीच मोडत नाही: शेवटच्या दोन आठवड्यांत गाडीत नवं काहीही बसवायचं नाही. बसवावंच लागलं तर निघण्याची तारीख पुढे ढकलायची. काल बदललेल्या भागापेक्षा दोन महिने निमूट चाललेला भाग जास्त भरवशाचा.

सोबत काय घ्यायचं

१८८८ च्या ऑगस्टमध्ये मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला मोटारीने गेल्या. शंभराहून थोडे अधिक किलोमीटर. मोटारीने केलेला पहिला लांबचा प्रवास म्हणून तो ओळखला जातो. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. वायर उघडी पडली, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, त्यांना चांभाराकडून चामडं लावून घेतलं. इंधन, वीज, ब्रेक. सुट्या भागांची पिशवी मी आजही याच तीन कप्प्यांत भरते.

इंधनासाठी एक फिल्टर, मीटरभर नळी, चार क्लिपा. विजेसाठी पॉइंट, कंडेन्सर, रोटर, डिस्ट्रिब्युटरची कॅप, दोन प्लग, कॉइल, फ्यूज, बल्ब, तीन मीटर वायर, इन्सुलेशन टेप. ब्रेकसाठी सीलबंद डॉट ४ ची बाटली. याशिवाय फॅनबेल्ट, रेडिएटरचा वरचा आणि खालचा पाइप, क्लच आणि ॲक्सिलरेटर केबलचे असतील तर त्या केबल, दोन लिटर इंजिन ऑइल, पाच लिटर पाणी. ब्रिटिश गाड्यांना इंचाचे पाने लागतात, मिलिमीटरचे बसवायला गेलात तर नटाचे कोपरे गोल होतात. पाने निवडायची माझी पद्धत अशी: पिशवीतला प्रत्येक सुटा भाग फक्त पिशवीतल्याच हत्यारांनी एकदा घरी बदलून बघायचा. जो पाना कपाटातून आणावा लागला तो पिशवीत टाकायचा. वायरिंगचा नकाशा कागदावर छापून घ्या.

बॅगा मऊ कापडाच्या घ्या, कडक सूटकेस या गाड्यांत मावत नाही. जड सामान खाली आणि दोन्ही चाकांच्या मध्ये. इंजिन मधोमध असलेल्या गाडीत मागची डिकी एक्झॉस्टच्या उष्णतेने तापते, तिथे औषधं किंवा बॅटरीवर चालणारी उपकरणं ठेवू नका. विमा घेताना रस्त्यावरची मदत आणि टोइंग त्यात आहे का ते विचारा. फोन करायची वेळ आलीच तर सपाट पाठीचा ट्रक हवा असं स्पष्ट सांगा, पुढून उचलून नेणाऱ्या गाडीने खालचं नाक मोडतं.

मार्ग आणि दिवसाचं अंतर

नव्या गाडीत दिवसाला ६०० किलोमीटर होतात म्हणून इथेही होतील असं धरू नका. ३०० पुरेत, ३५० म्हणजे डोक्यावरून पाणी. चार गिअरच्या गाडीत हमरस्त्यावर इंजिन सतत ओरडत असतं. छोटे, वळणांचे रस्ते तिला मानवतात आणि चालवणाऱ्यालाही. दर दोन तासांनी थांबा. चौथा दिवस मोकळा ठेवा, दुरुस्ती निघाली तर ती त्या दिवसात बसते, नाही निघाली तर विश्रांती.

उघड्या गाडीत मोबाइलवरचा रस्ता सांगणारा आवाज ऐकू येत नाही. १९५५ च्या इटलीतल्या मिले मिल्या मोटार शर्यतीत ब्रिटिश चालक स्टर्लिंग मॉस यांनी सुमारे १,६०० किलोमीटर १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत कापले. शेजारी बसलेले डेनिस जेनकिन्सन रस्त्याच्या नोंदी असलेली कागदाची गुंडाळी फिरवत हाताच्या खुणांनी पुढचं वळण सांगत होते. आम्हा बहीणभावाच्याही चार खुणा ठरलेल्या आहेत: डावीकडे, उजवीकडे, हळू, थांब. त्यातली ‘थांब’ची खूण झाली की का म्हणून विचारायचं नाही, आधी थांबायचं. कानात फोमचे बोळे घाला. वाऱ्याच्या घोंगावण्याने जेवढा शीण येतो तेवढा गाडी चालवून येत नाही. टोपी, पाणी आणि मानेला कापड या गोष्टी ढगाळ दिवशीही हव्यात.

रोजची दहा मिनिटं

सकाळी इंजिन थंड असताना ऑइल, पाणी, ब्रेक ऑइल, बेल्टचा ताण आणि टायरची हवा बघा. मग गुडघे टेकून टॉर्च गाडीखाली मारा. थेंब पडलेला नसला तरी पाइपच्या क्लिपेखाली वाळलेल्या कूलंटची हिरवट रेघ दिसली, तर क्लिप अर्धा फेरा आवळा. ती रेघ दोन दिवस आधी सांगत असते.

संध्याकाळी वहीत लिहा: किलोमीटर, किती पेट्रोल भरलं, किती ऑइल घातलं, काट्यावरचं सर्वात जास्त तापमान, नवा आवाज. गाडी हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खात असेल आणि रोज तेवढंच खात असेल तर घाबरायचं कारण नाही. एकदम दुप्पट खायला लागली तर दुसऱ्या दिवशी निघण्याआधी शोध घ्या.

उभी राहिलीच तर

गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर, माणसं गाडीच्या बाहेर आणि रस्त्यापासून दूर. पेट्रोलचा वास आला तर स्टार्टर मारू नका, बॅटरीची तार काढा आणि गळती शोधा. वास नसेल तर क्रम ठरलेला: स्टार्टर फिरतच नाही, तर बॅटरीची टोकं आणि अर्थ. फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर एक प्लग काढून इन्सुलेटेड पकडीने ब्लॉकला टेकवा आणि ठिणगी बघा. निळी, कडक ठिणगी असेल तर पेट्रोलकडे वळा. ठिणगी नसेल तर कॅप, रोटर, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, याच क्रमाने. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय बरं झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काटा लाल पट्ट्यात गेला असेल तर रेडिएटरची कॅप अर्धा तास तरी उघडू नका. हीटर पूर्ण गरमवर टाकून पंखा चालवला तर थोडी उष्णता तिकडून निघते, तेवढ्यात थांबायला जागा शोधता येते.

परत आल्यावर गाडीवर आच्छादन घालण्याआधी वही उघडा आणि आवाज, धक्के, थेंब यांची यादी कानात ताजी असतानाच करा. इंजिन गरम असतानाच ऑइल काढून टाका, टाकी काठोकाठ भरा, टायरमध्ये हवा घाला, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बाहेर काढून तासभर चालवा.